‘पीएमए’चं स्टिकर लावलेले कॉकपिटचे एलईडी: आम्हाला कसं गंडवलं

न्यू जर्सीत मी आणि माझा मित्र मिळून १९७८चं एक छोटं विमान, सेसना १७२, बाळगून आहोत. १७२ला २८ व्होल्टची वायरिंग याच वर्षापासून आली. छतातल्या लाल काचेमागचे तिचे जुने बल्ब तापायचे आणि सारखे उडायचे, म्हणून एलईडी बसवायचं ठरलं.

इकडे छोट्या विमानतळांवर रविवारी सकाळी पॅनकेकची न्याहारी असते, आसपासचे वैमानिक विमानं घेऊन येतात. तिथेच एकाने टेबल मांडलं होतं. लाकडी पेटी, आत बॅटरी, वर बल्ब आणि एक बटण. बटण फिरवलं की उजेड लोण्यासारखा मऊ कमी होत जायचा. बल्ब ४० डॉलरला एक. पाकिटावर ‘एफएए-पीएमए’ आणि पार्ट नंबर, सोबत सहीशिक्क्याचं पत्र. पीएमए म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, त्या उत्पादकाला तो सुटा भाग विमानासाठी बनवायला दिलेली परवानगी. आम्ही पूर्ण संच घेतला, मेकॅनिककडून बसवूनही घेतला.

रात्री प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत रात्रीचे ३ टेकऑफ आणि पूर्ण थांबून ३ लँडिंग झालेले लागतात. त्यासाठी आम्ही निघालो. डिमर फिरवतोय, उजेड ढिम्म हलत नाही. आणखी फिरवला तर एकदम गुल, सगळा अंधार. मधलं काहीच नाही. पुन्हा लावला आणि विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला रेडिओवर हाक दिली, तर हेडसेटमध्ये नुसती खरखर. मित्र ओरडला, “अरे, दिवे बंद कर आधी!” बंद केले आणि टॉवरचा आवाज स्वच्छ. डोक्याला लावायच्या लाल टॉर्चवर उतरलो.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: “तुमचा डिमर जुना आहे.”

मेकॅनिकने एक बल्ब काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. स्टिकर सुटलं आणि खाली ट्रकच्या बल्बचा मॉडेल नंबर निघाला. हा बल्ब ट्रकच्या दुकानात दोन-तीन डॉलरला मिळतो. १२ ते ३० व्होल्ट हा दावा खरा होता, आणि घोळ तिथेच होता. आतलं सर्किट वीज सेकंदाला लाखो वेळा तोडून-जोडून उजेड कायम ठेवतं. डिमर व्होल्टेज उतरवतो, सर्किट ते भरून काढतं, आणि अगदीच खाली गेलं की हात टेकतं. या तोडजोडीचा गोंगाट थेट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे आपल्या रेडिओच्या पट्ट्यात चढतो. ट्रक ड्रायव्हरला टॉवरशी बोलायचं नसतं, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही. टेबलावर रेडिओ का नव्हता, ते तेव्हा उमगलं. पेटीतले बल्बही वेगळे असणार, नाहीतर ते तसे मंदावलेच नसते.

पत्रावरचा पीएमए क्रमांक एफएएच्या यादीत होता खरा, पण दुसऱ्याच कंपनीच्या गॅस्केटसाठी! ही यादी एफएएच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि आपल्या विमानाचं मॉडेल, तिन्ही एकाच ओळीत सापडायला हवं. नुसता क्रमांक जुळला म्हणून पैसे देऊ नका. आणि आधी एकच बल्ब घ्या. इंजिन बंद ठेवून मास्टर स्विच आणि रेडिओ लावा, स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडा आणि बल्ब चालू-बंद करत दोन-चार फ्रिक्वेन्सी ऐका. विक्रेता याला कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा.

“बसवलेला माल परत नाही,” यावर तो अडून बसला. शेवटी स्टिकरचे फोटो आणि मेकॅनिकचं पत्र जोडून कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली, तेव्हा बल्बचे पैसे मिळाले. मजुरी दोनदा गेली, घालायची आणि काढायची. संशयित अनधिकृत भागांसाठी एफएएचा ८१२०-११ नंबरचा फॉर्म असतो, तोही भरून पाठवला. हा माणूस अजून न्याहारीला टेबल मांडतो, फक्त पाकिटांचा रंग बदललाय.