डायनासोरच्या अंड्यापायी गेलेले 44,500 रुपये

माझ्या मेहुण्याचं शेत मोहोळ तालुक्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने विहीर खोदायला काढली. वीसेक फुटांवर, मुरूम संपून कडक दगड लागतो तिथे एक गोल गोटा निघाला. नारळाहून थोडा मोठा. एका बाजूचा पापुद्रा सुटलेला, त्याच्याखाली दुसरा पापुद्रा, अगदी कांद्यासारखा. विहीर खोदणारे मामा म्हणाले, "दादा, असले गोटे दर विहिरीत निघतात. फोडून बांधाला घालतात बघा." त्या माणसाने आयुष्यभर हाच दगड फोडला होता. त्याचं ऐकायला हवं होतं.

मी चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि पंधरा वर्षांपासून दगड गोळा करतो. गारगोट्या, अकीक, विहिरींच्या ढिगाऱ्यात सापडणारे झिओलाइट या खनिजाचे पांढरे झुपके. दगडांची आवड असलेल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी गोट्याचा फोटो टाकला आणि तासाभरात एकाचा फोन आला. "मी जीवाश्मतज्ज्ञ आहे. तो गोटा कोणाला दाखवू नका, मी येतो."

रविवारी तो घरी आला. बोलणं अतिशय नम्र, माझ्या आईच्या पाया पडला. पिशवीतून भिंग काढलं, निळसर प्रकाशाची बॅटरी काढली आणि एक छोटी बाटली. गोट्यावर पांढरे ठिपके होते. त्यातल्या एकावर त्याने बाटलीतला थेंब टाकला, तसा तो ठिपका फसफसला. "बघा, चुना आहे. अंड्याचं कवच चुन्याचंच असतं. हे टायटॅनोसॉर नावाच्या डायनासोरचं अंडं आहे." फेस डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. मेहुणा तर गोट्याला हात जोडून उभा राहिला.

मग पैशांचं सुरू झालं. नोंदणीचे 4,500. आठवड्याने कार्बन डेटिंगचे 18,000. प्रमाणपत्र आलं, गोल निळा शिक्का, खाली इंग्रजीत सही, वय साडेसहा कोटी वर्षं. त्यानंतर परदेशातल्या संग्रहालयाने चाळीस लाख देऊ केलेत, फक्त परवान्याचे 22,000 भरा, असा निरोप. ते बावीस हजार मेहुण्याने पतपेढीतून उचलले. विहिरीला पाणी लागायच्या आधी त्याच्या डोक्यावर हे कर्ज बसलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. तुलनेसाठी म्हणून माझे झिओलाइटचे तीन उत्तम नमुनेही तो माणूस घेऊन गेला. बावीस हजार पोचल्यावर चौथ्या दिवशी फोन बंद.

एका ओळखीच्या मुलाने मला भूशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे नेलं. त्यांनी एक पैसा घेतला नाही, उलट चहा पाजला. गोटा हातात घेऊन फिरवला, सुटलेला पापुद्रा पाहिला आणि म्हणाले, "हा आपला बेसॉल्ट, थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड. भेगांमधून पाणी शिरतं, दगडाचे कोपरे आधी झिजतात, आतला गाभा गोल राहतो आणि पापुद्रे सुटत जातात."

"मग फेस कसा आला, सर?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून त्या पोकळ्यांत कॅल्साइट भरला. पांढरे ठिपके म्हणजे तोच. कॅल्साइट चुन्याचाच, म्हणून आम्लाने फसफसतो. सरांनी मग ठिपक्याशेजारच्या काळ्या भागावर थेंब टाकला. काहीच झालं नाही. त्या भामट्याने थेंब नेमका ठिपक्यावरच का टाकला, ते मला तेव्हा उमगलं. खऱ्या अंड्याचं कवच सगळीकडून सलग असतं, एक ते तीन मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगाखाली त्यात बारीक छिद्रं दिसतात. माझ्या गोट्याला कवच नव्हतंच, आतबाहेर एकच दगड.

कार्बन डेटिंगचं ऐकून तर सरांनी कपाळाला हात लावला. त्यात वय काढतात ते अवशेषात उरलेल्या कार्बन-14 वरून, आणि तो दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका उरतच नाही. साडेसहा कोटी वर्षांचं वय कार्बनने काढलं असं कोणी लिहून देत असेल, तर तो कागद खोटाच. माझ्याकडच्या प्रमाणपत्रात हे पहिल्याच ओळीत होतं आणि मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

आपल्याकडची जमीनही समजून घ्या. भारतात डायनासोरची अंडी सापडतात ती मुख्यतः लाव्हाच्या खालच्या गाळाच्या खडकांत, नर्मदेच्या खोऱ्यात आणि गुजरातेत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातली 92 घरटी आणि 256 अंडी 2023 मध्ये जगासमोर आली, तीही तशाच खडकांतली. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटर नुसता लाव्हाच लागला. सोलापुरातल्या वीस फुटांच्या खड्ड्यात त्याच्या खालचं अंडं कुठून येणार? दोन लाव्हाथरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात खरे, पण ते नागपूर भागात जास्त. आपल्या बाजूला शोधायचेच तर नदीकाठच्या जुन्या वाळूगोट्यात शोधा, असं सर म्हणाले. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी हत्तीची हाडं निघाली आहेत. दगड झालेलं हाड जिभेला लावलं तर बहुधा चिकटतं, साधा दगड चिकटत नाही.

कोणाला असं काही सापडलं तर ते होतं तिथेच, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात घेऊन जा. ओळख पटवणारा माणूस पैसे मागू लागला किंवा गिऱ्हाईक आहे म्हणाला, की तिथेच थांबा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी शरमेने अकरा दिवस गप्प बसलो, तोवर खात्यातली रक्कम पुढे निघून गेली होती.

तक्रार दिली आहे, पैसे परत आलेले नाहीत. मेहुण्याचा हप्ता आता आम्ही दोघं मिळून भरतो. गोटा सरांनी मुलांना दाखवायला मागितला, तो मी त्यांना देऊन टाकला.