कंबरेच्या हाडांचं मॉडेल : शाळेसाठी घ्यावं का?

निपाणीजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. बेळगावातल्या लॅबच्या सामानाच्या एका दुकानातून बाई आणि पुरुष अशा दोन कंबरांचा प्लास्टिकचा संच आणला. माल दणकट, हाडासारखा खरबरीत. पुढचा सांधा मात्र एका स्क्रूवर आहे आणि दहावीच्या पोरांच्या हातात तो लवकरच खुळखुळायला लागला.

दोन हाडं पुढं जुळतात, त्याखालचा कोन बघायचा. तर्जनी आणि मधलं बोट फाकवल्यावर पडतो तेवढा अरुंद असेल तर पुरुष. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होतो तेवढा रुंद असेल तर बाई. मुलांनी बोटं लावून झटक्यात ओळखलं.

आणि इथंच संच फसवतो. उत्खननातली हाडं तपासणारे कंबरेच्या मागच्या खाचेला १ ते ५ गुण देतात. १ म्हणजे ठळक बाई, ५ म्हणजे ठळक पुरुष. कंपनीनं १ आणि ५ विकले. २, ३, ४ कुठं गेले? मातीखाली दबून चेपलेली, अर्धी झिजलेली हाडंच जास्त मिळतात. लहान मुलांच्या हाडांत तर हे फरक नीट उमटलेलेच नसतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बाळं सापडली. मुलगा की मुलगी, ते या संचावरून कुणाला सांगता येणार नाही. दात टिकला असेल तर एनॅमलमधल्या, म्हणजे दातावरच्या कठीण थरातल्या, प्रथिनावरून आता कळू शकतं. संचासोबतच्या पत्रकात यातलं अक्षरही नाही.

स्वीडनमधल्या बिर्का गावची व्हायकिंग काळातली कबर मी वर्गात सांगितली : तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन घोडे. मागच्या बाकावरून आवाज आला, "तलवार हाय म्हणजे गडीच की ओ सर." पुढच्या बाकावरची पोरगी गर्रकन वळली, "मग कित्तूरच्या चेन्नम्माच्या हातात काय लाटणं होतं?" मला पुढं बोलायचं काही उरलंच नाही. १८७८ मध्ये ती कबर उघडल्यापासून तिथला योद्धा पुरुषच धरला गेला. कंबरेची हाडं बाईची दिसतात हे १९७० च्या दशकातच कुणी नोंदवलं होतं, पण मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनएनं ती बाई असल्याचं दाखवलं. ती लढली का, की तलवार मानाची म्हणून ठेवली, यावर अजून वाद आहे. तलवार पुरणाऱ्यांनी ठेवली होती, तिनं नव्हे. ती गावात कोण म्हणून वावरली, हे कंबर सांगत नाही.

पाचपैकी साडेतीन. जीवशास्त्राच्या तासाला घ्या. इतिहासाच्या तासाला वापरणार असाल तर पत्रक बाजूला ठेवा, आणि दुकानातून निघण्याआधी जादा स्क्रू मागून घ्या.