आईच्या गुडघ्यांचा आश्रम: साडेतीन तारे

आई सात महिने धुळ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. नाव लिहीत नाही. खोल्या स्वच्छ, कळण्याची भाकरी मऊ. मुद्दा दुखण्याचा.

सुरुवातीला सिस्टर दारातूनच विचारायची, "आजी, दुखतंय का?" आई म्हणायची, "काही नही दुखस." (आमच्या घरात दुखणं कबूल करायची रीतच नाही!) वहीत 'ठीक' लागायचं. मी गेलो तेव्हा कूस बदलताना ती दात आवळत होती. फारच कण्हली तर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ब्याऐंशीव्या वर्षी, बीपीच्या गोळ्या चालू असताना! त्यानं किडनी अन् पोट दोन्ही बिघडू शकतात. भांडलो.

आता डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरल्या वेळी लावलंय, सकाळचं आंघोळीच्या तासभर आधी. नवी सिस्टर अहिराणीत बोलते, उठता-बसताना चेहरा बघते. शेजारच्या आजोबांना काहीच आठवत नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हेच उत्तर, हे तिला कळतं. फिजिओथेरपीवाला मात्र आठवड्यातून एकदाच, तोही लग्नसराईत गायब.

परवा आई काठी टेकत ओट्यापर्यंत आली अन् चहात साखर कमी म्हणून सिस्टरवर डाफरली.