बाराखडी आधी की शब्द आधी?

जून जवळ आला की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हा प्रश्न हमखास निघतो. पोराकडून मुळाक्षरं घोकून घ्यायची, की चित्रं दाखवून थेट शब्द ओळखायला लावायचे?

घोकण्याची वाट जुनी. पंतोजींच्या शाळेत पोरं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. कवर्ग कंठातला, पवर्ग ओठांतला, असा उच्चाराच्या जागेनं लावलेला हा क्रम कानाला सोपा आहे. डोळ्यांना मात्र घ आणि ध सारखेच दिसतात. शिवाय पाचवं अक्षर ङ. त्यानं सुरू होणारा एक तरी शब्द पोराला ठाऊक असतो का?

शब्दांची वाट युरोप-अमेरिकेतून आली. युरोपातल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं सचित्र पुस्तक 1658 चं. पुढं 1840 च्या दशकात अमेरिकेत होरेस मान या शिक्षणसुधारकानं सुटी अक्षरं घोकण्यावर टीका केली. तिथं ते पटण्यासारखं होतं, कारण 'सी-ए-टी' म्हटल्यावर 'कॅट' ऐकू येत नाही. आपल्या 'क'चं नावच 'क' आहे. क, म, ळ सलग म्हणा, कमळ झालं! म्हणून ती टीका मराठीला तशीच लावू नये, असं मला ठाम वाटतं.

माझी भाची केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या पाटीवरचं 'गंगावेश' झटकन ओळखायची. आम्ही सगळे खूश. मग पुस्तकात नुसतं 'गंगा' आलं आणि ती अडली. तिला पाटी ओळखता येत होती, अक्षरं नव्हे.

तिच्यासाठी आम्ही ग, म, भ, न घेतले. ही अक्षरं वळणानं सोपी आहेत आणि चारांतच मन, नभ, गगन होतात. काना आला की मामा, नाग, भाग. पहिल्याच आठवड्यात अर्थ हाती लागतो. बाराखडी टाकू नका. वेलांटीला तीच कामी येते. 'कि' लिहिताना खूण आधी दिसते, उच्चार मात्र नंतर येतो, आणि पोरं तिथंच चुकतात. म्हणून एका वेळी एकच खूण घ्या, घाई नको.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा घरात अक्षर नसलेली पोरं शाळेत आली. आजही ज्या घरात शिकवायला कुणी नाही, त्या पोराला पायरी-पायरीनं नेणारा वर्गच हवा. अनुभवातून शिकणं हवं असेल, तर लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये इथंच सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय जरूर बघा.

शाळा निवडताना एक करा. चित्राखालचा 'मगर' वाचणाऱ्या मुलाला बाईंच्या परवानगीनं फळ्यावर 'गरम' लिहून दाखवा.