पारी-जीपी: १३७ चं गूढ घासूनपुसून पाहायचं असेल तर

मूळ संख्यांमधून भौतिक स्थिरांक काढून दाखवणारी सूत्रं नेटवर ढिगानं सापडतात. त्यांतल्या अनेकांचा रोख १३७ या मूळ संख्येवर असतो, कारण फाइन-स्ट्रक्चर स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बल किती तीव्र ते सांगणाऱ्या एककरहित आकड्याचा) व्यस्त जवळपास तेवढा आहे. असं एखादं सूत्र खरं मानण्याआधी पारी-जीपीवर तपासावं. फ्रान्समधल्या बोर्दोत तयार झालेलं हे संख्या-सिद्धांताचं सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतं.

साधी कामं चुटकीसरशी होतात. दिलेल्या संख्येपर्यंतच्या मूळ संख्या मोजणाऱ्या 'प्राइमपाय' ला १३७ दिले की ३३ येतात, म्हणजे ही तेहतिसावी मूळ संख्या. संख्या मूळ आहे का ते सांगणाऱ्या 'आयएसप्राइम' ला मात्र पूर्णांकच लागतो. दशांश दिला की एरर. अर्ध्या दाव्यांचं उत्तर त्या एररमध्येच आहे. फाइन-स्ट्रक्चर स्थिरांकाचा व्यस्त १३७ नाहीच. २०२२ च्या कोडाटा यादीत (भौतिक स्थिरांकांच्या आंतरराष्ट्रीय मान्य किमतींच्या यादीत) तो १३७.०३५९९९१७७ आहे, शेवटच्या दोन अंकांत २१ ची अनिश्चितता. झेड बोसॉन या जड कणाच्या ऊर्जेला तोच १२८ च्या आसपास उतरतो, आणि १२८ तर मूळ संख्याही नाही, दोनाचा सातवा घात!

'फॅक्टर' वापरून प्रकाशाच्या वेगाचे, म्हणजे सेकंदाला २९९७९२४५८ मीटर या आकड्याचे, अवयव पाडले तर २, ७, ७३ आणि २९३३३९ मिळतात. त्यात अर्थ शोधू नये. हा आकडा मीटरच्या व्याख्येनं ठरवलेला आहे, एकक बदललं की अवयवही बदलतात. तपासायचे ते फक्त एककरहित स्थिरांक.

खरं कामाचं हत्यार 'लिनडेप'. त्याला १३७.०३५९९९१७७ चा लॉग आणि सोबत २, ३, ५, ७ व पाय यांचे लॉग द्यायचे. ते पूर्णांक गुणकांचं नातं काढून देतं. पण 'नातं नाही' असं ते कधीच म्हणत नाही, आणि बहुतेकजण इथेच फसतात. अचूकता सहसा ३८ अंकांची असते, त्यामुळे टाइप केलेल्या आकड्यापुढची सगळी शून्यं ते खरी धरतं आणि सहा-सात आकडी गुणक फेकतं. म्हणून आज्ञेत लॉगच्या यादीनंतर, दुसऱ्या जागी, किती अंक विश्वासार्ह आहेत ते सांगावं. इथे ९ पुरे. तरीही सहा लॉग घेतले की दोन आकडी गुणक निव्वळ योगायोगानं जुळतात. खात्री करायला शेवटचे सहा-सात अंक मनानं बदलून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. गुणक तेवढेच मोठे आले तर सूत्र टोपलीत.

दुसरी कसोटी आणखी सोपी. सूत्र २०१८ च्या किमतीवर, म्हणजे १३७.०३५९९९०८४ वर, बेतलेलं असेल तर २०२२ च्या किमतीशी ताडून पाहावं. प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांच्या गुणोत्तरासाठी १९५१ पासून मिरवणारं '६ गुणिले पायचा पाचवा घात' १८३६.११८१ देतं, मोजलेली किंमत १८३६.१५२६७. फरक लाखात दोन, मापन मात्र त्याहून कितीतरी पटींनी काटेकोर.

भौतिकशास्त्राशी मूळ संख्यांचा दखलपात्र धागा वेगळाच आहे. १९७२ मध्ये गणितज्ञ माँटगोमेरी आणि भौतिकशास्त्रज्ञ डायसन यांच्या बोलण्यातून लक्षात आलं की झीटा फलाच्या (मूळ संख्यांच्या वाटणीशी जोडलेल्या फलाच्या) शून्यांमधली, म्हणजे ते फल जिथे शून्य होतं त्या जागांमधली, अंतरं यादृच्छिक मॅट्रिक्सच्या (स्वैर आकड्यांनी भरलेल्या चौकटींच्या) आयगेनमूल्यांसारखी, म्हणजे त्यांच्या वैशिष्ट्यदर्शक आकड्यांसारखी, वागतात, आणि जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांचं वर्णनही त्याच मॅट्रिक्स करतात. इथे स्थिरांक नाही, सांख्यिकी आहे. 'एलफनझीरोज' ला १ (म्हणजे झीटा फल) आणि ३० (उंचीची मर्यादा) दिले की १४.१३४७, २१.०२२० आणि २५.०१०९ ही पहिली तीन शून्यं मिळतात. उंची वाढवली की वेग पडतो आणि स्टॅक (सॉफ्टवेअरची कामाची मेमरी) भरल्याचा एरर येऊ शकतो. त्या मेमरीची मर्यादा, 'पारीसाइजमॅक्स', आधीच एक जीबीवर ठेवावं. मॅन्युअल रुक्ष आहे, पण आज्ञेआधी प्रश्नचिन्ह टाकून मिळणारी मदत पुरते.