ओरिजिनल एचएमटी जनता की रिडायल?

बेळगावात खडेबाजारात म्हणा, ऑनलाइन म्हणा, जुनी एचएमटी जनता मनगटी घड्याळं दोन तऱ्हेची मिळतात, एक जसं होतं तसं, म्हणजे ओरिजिनल, आणि दुसरं डायल नवीन रंगवून चकाचक केलेलं, म्हणजे रिडायल. मशीन म्हणाल तर दोन्हीत १७ ज्वेलचंच (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे आतले बारीक खडे), चावीचं, तासाला १८,००० ठोके, एचएमटीनं १९६१ मध्ये सिटिझनबरोबर बेंगळुरात घड्याळं सुरू केली त्याच घराण्यातलं. पण रिडायलवाल्यात बऱ्याचदा दोन-तीन घड्याळांचे पार्ट जोडलेले असतात, ऑइल वाळलेलं असतं, त्यामुळे वेळ पुढंमागं होते.

खरा फरक भिंग लावून बघा की! ओरिजिनलवर अक्षरं बारीक, कडा स्वच्छ, सेकंद काटा मिनिटाच्या रेघांपर्यंत पोचतो. रिडायलवर अक्षरं जाड, शाई पसरलेली, रेघा काट्यांशी जुळत नाहीत, आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, एवढं पॉलिश मारलेलं असतं की कोपरे गोल होऊन जातात, ते परत येत नाहीत, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

डाग पडलेली, पिवळी झालेली डायल असली तरी मी ओरिजिनलच घ्या म्हणेन, सर्व्हिसिंग नंतर करता येतं. भडक रंगच आवडत असेल तर रिडायल घ्या, फक्त ओरिजिनलचा भाव देऊ नका आणि पैसे द्यायच्या आधी मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा.