हॉटपॉट, थर्मास की टिफिन?

पहाटे स्वयंपाक उरकून साडेपाचला पुण्यातून निघालं, तरी राजगडाच्या पद्मावती माचीवर डबा उघडेपर्यंत साडेअकरा वाजतात. म्हणजे सहा तास. एवढा वेळ कशात काय गरम राहतं, याचे आमच्या घरात बरेच प्रयोग झालेत.

पोळ्यांसाठी हॉटपॉटच. आतून स्टील, बाहेरून प्लास्टिक, मध्ये फोम. तीन-चार तास बरा चालतो, पुढे नुसता कोमट. त्याची खरी अडचण वाफेची. तव्यावरची पोळी थेट आत टाकली की झाकणाला पाणी धरतं आणि वरच्या दोन पोळ्यांचा लगदा होतो. खाली-वर सुती फडकं घाला, झाकण लावण्याआधी मिनिटभर वाफ जाऊ द्या. रस्सा मात्र यात नको. झाकण घट्ट नसतं, डिकीत आडवा झाला की संपलं.

आमटी, रस्सा, खिचडी यांना रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे बाजूंनी उष्णता फारशी जात नाही. जाते ती तोंडातून. म्हणून चहाच्या अरुंद थर्मासाइतका हा टिकत नाही. उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं आणि लगेच रटरटती आमटी जवळजवळ गळ्यापर्यंत भरायची. अर्धा भरलेला बघता बघता निवतो. एवढं केलं तर माचीवर आमटीला फुंकर घालावी लागते. एकदा घाईत झाकणाची रबरी रिंग ओट्यावरच राहिली. सॅकला महिनाभर गोड्या मसाल्याचा वास येत होता.

नवा आणलात की उकळतं पाणी भरून पंधरा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं तर मधल्या पोकळीत हवा शिरली आहे, परत करा. पडून पोचा आला तरी असं होऊ शकतं.

ऑफिसचा टिफिन, म्हणजे जाड पिशवीतले तीन-चार छोटे डबे, दोन तासांच्या प्रवासाला ठीक. थोडं अन्न लवकर निवतं, त्याला पिशवी काय करणार?

भाताबद्दल कडक राहा. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली तासन्‌तास कोमट राहिलं की जिवाणूंना रान मोकळं. भातातल्या काहींचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा मसालेभात थर्मासात, नाहीतर नकोच.

एकच घ्यायचं तर थर्मास घ्या. चौघांना ७५० मिलीचे दोन पुरतात. रिकामाच अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, हे गुंजवण्याच्या चढणीवर कळतं. पोळ्यांऐवजी धपाटे न्या, गार झाले तरी लागतात छान. हॉटपॉट राहू दे घरीच.